मुलगी जीव द्यायचं बोलते, खासगी डॉक्टर परवडत नाही. सरकारी मदत कुठे मिळेल?

ताई, 15 वर्षांची मुलगी आठवडाभर "मला जगायचं नाही" म्हणतेय आणि तुम्हाला दोन धास्ती आहेत: पोलीस केस होईल, आणि तिला मनोरुग्णालयात डांबून ठेवतील. मी एका सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात समुपदेशक आहे. याच भीतीपोटी आईवडील उशिरा येतात, म्हणून आधी त्याचंच सांगते.

असं बोलणं हा गुन्हा नाही. उद्या प्रयत्न झालाच, तरी 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 115 सांगतं की ती व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं धरून चालायचं, शिक्षा करायची नाही. 1 जुलै 2024 ला भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात तर आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारं जुन्या दंड संहितेचं 309 कलमच ठेवलेलं नाही. प्रयत्नानंतर दवाखान्यात एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसची, नोंद होते, पोलीस जबाबही घेतात. पण त्या नोंदीला घाबरून उपचार लांबवू नका.

भरतीचं म्हणाल, तर आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक मुलांना ती लागतच नाही. लागलीच, तर याच मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 87 तुमच्या बाजूने आहे. 18 वर्षांखालच्या मुलांना मोठ्यांच्या वॉर्डात ठेवता येत नाही, आणि पालक किंवा त्यांनी नेमलेलं माणूस पूर्ण वेळ जवळ राहतं. कोणी "आई, तुम्ही बाहेर थांबा" म्हणालं, तर हे कलम सांगा आणि जागची हलू नका.

आज रात्रीच 14416 लावा. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत हेल्पलाइन 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झाली, 24 तास चालू असते. भाषा विचारतात, मराठी निवडा. मुलगी बोलायला तयार नसेल तर तुम्ही बोला. समुपदेशकाला गरज वाटली तर पुढे मानसोपचारतज्ज्ञाशी जोडून देतात.

पण तिने काही घेतलं असेल, स्वतःला इजा केली असेल किंवा कसं-कधी हे ठरवलेलं दिसत असेल, तर हेल्पलाइनवर वेळ घालवू नका. 108 ला फोन करून थेट अपघात विभागात आणा. आणि एक कळकळीने सांगते: खिडकीवर केसपेपर काढताना "पोटात दुखतंय" सांगू नका. लाजेपोटी फार जण असं सांगतात. रात्रीच्या गर्दीत डॉक्टर पोटाची गोळी देऊन परत पाठवतात आणि खरं दुखणं घरीच जातं. "पोरगी जिवाचं बरंवाईट करायचं म्हणतेय" हे स्पष्ट सांगा.

तोवर फवारणीची औषधं आणि घरातल्या सगळ्या गोळ्या कुलपात, किल्ली तुमच्या कमरेला. तिला एकटं झोपू देऊ नका. "जीव द्यावासा वाटतो का?" असं सरळ विचारा. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही, उलट पोरं मोकळी होतात. घरातल्याच कुणाचा जाच असल्याचं ती बोलली, तर मुलांसाठीच्या 1098 या हेल्पलाइनला फोन करा.

जिल्ह्याच्या ठिकाणीही मुलांसाठी वेगळा मानसोपचारतज्ज्ञ क्वचितच असतो, दारूच्या पेशंटांच्या रांगेत या पोरी बसतात. हे बदलायलाच हवं. तरी या. आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत. ओपीडी सकाळची असते, लवकर निघा. कुठे आणि का नेताय, हे मात्र तिला निघण्याआधी खरं सांगा. "मावशीकडे जाऊ" म्हणून आणलेली मुलं आमच्यासमोर तोंडच उघडत नाहीत.