वाचकांचे प्रश्न : हंगाम नेमका कुठे निसटला?

प्रश्न : मी इंग्लंडच्या काउंटी क्रिकेटमधल्या डरहॅम संघाचा पाठीराखा. २०२५ मध्ये डरहॅम आणि वूस्टरशायर पहिल्या विभागातून खाली उतरले. काउंटीत सामना अनिर्णित राहिला तरी ८ गुण मिळतात. तरीही संघ घसरतो, तो कसा? – एक वाचक, भुसावळ

तुमच्या मनाला लागलेली गोष्ट खरी आहे. २०२३ मध्ये दुसरा विभाग जिंकून वर आलेला हा संघ दोनच वर्षांत परत खाली गेला. उत्तर गुणांच्या हिशोबातच सापडतं, पण त्यासाठी रणजीची सवय आधी बाजूला ठेवावी लागते. रणजीत सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावाच्या आघाडीला ३ गुण आणि पिछाडीला १. काउंटी चॅम्पियनशिपमध्ये नुसत्या आघाडीला काहीही मिळत नाही. तिथे विजयाला १६, अनिर्णितला ८ आणि शिवाय पहिल्या डावाच्या पहिल्या ११० षटकांत मिळवायचे बोनस गुण. २५०, ३००, ३५०, ४०० आणि ४५० धावांना फलंदाजीचा एकेक गुण. ३, ६ आणि ९ बळींना गोलंदाजीचा एकेक.

आता हे ११० षटकांवर बसवून बघा. २५० साठी षटकामागे सव्वादोन धावा लागतात, ३५० साठी ३.१८, ४५० साठी ४.०९. एखादा संघ चिवटपणे १४० षटकं खेळून ३८० करतो, पण ११० व्या षटकाला धावफलकावर २९० असतात. रणजीत ही खेळी सोन्यासारखी. काउंटीत तिला एकच गुण. सामन्यामागे एक बोनस गुण कमी पडला तर १४ सामन्यांत १४ गुण गेले, म्हणजे जवळजवळ एक विजय गेला. २०२५ मध्ये पहिल्या विभागात १० संघ होते आणि शेवटचे दोन उतरणार होते. अशा ठिकाणी एवढं अंतर पुरेसं असतं.

दुसरी गळती कासवगतीच्या षटकांची. तासाला १६ षटकांचा वेग राखला नाही, तर कमी पडलेल्या प्रत्येक षटकामागे एक गुण वजा होतो. हे गुण हरून जात नाहीत, म्हणून पाठीराख्याच्या लक्षातही राहत नाहीत.

पुढच्या हंगामात एक वही ठेवा. प्रत्येक सामन्यात चारच नोंदी करा : ११० षटकांना आपल्या धावा, ११० षटकांना आपण घेतलेले बळी, प्रतिस्पर्ध्याचा सातवा गडी बाद झाल्यावर त्यांनी जोडलेल्या धावा, आणि वजा झालेले गुण. तिसरी नोंद सर्वात बोलकी असते. ७ बाद १६० वरून समोरचा संघ वारंवार अडीचशेच्या पुढे जात असेल, तर आपला तिसरा आणि चौथा गोलंदाज कमी पडतोय, हे निकालाआधीच कळतं.

जाता जाता एक आठवण करून द्यावीशी वाटते. २०१६ मध्ये डरहॅम मैदानावर चौथ्या क्रमांकावर होता, तरी आर्थिक मदतीच्या अटींमुळे त्याला खाली ढकललं गेलं आणि २०१७ ची सुरुवात उणे ४८ गुणांनी करावी लागली. त्या हंगामाचा घाव आणि या हंगामाचा घाव एका मापाने मोजू नका. या वेळचं नुकसान मैदानावरचं आहे, त्यामुळे ते मैदानावर दुरुस्त होऊ शकतं.

प्रश्न : २०२२ मध्ये चेतेश्वर पुजाराने ससेक्सकडून धावांचा डोंगर रचला. तरी ससेक्स तळाशी कसा? – एक वाचक, अमळनेर

पुजाराने त्या हंगामात ८ सामन्यांत १०९.४० च्या सरासरीने १,०९४ धावा केल्या, आणि ससेक्स दुसऱ्या विभागातल्या ८ संघांत सातवा राहिला. फलंदाज सामना वाचवतो; जिंकण्यासाठी समोरच्याचे २० गडी काढावे लागतात. चार दिवसांत दिवसाला ९६ प्रमाणे ३८४ षटकं मिळतात. आपल्या दोन डावांत १६० षटकं गेली तर उरली २२४. म्हणजे साधारण दर ११ षटकांना एक बळी, आणि तोही चार दिवस पाऊस आला नाही असं धरून. गोलंदाजी विस्कळीत असेल तर द्विशतकंसुद्धा अनिर्णित सामन्यात विरून जातात.

चेंडूचाही हिशोब धरा. ड्यूक्स चेंडूची शिवण पूर्ण हातशिलाईची आणि उठावदार असते, त्यामुळे तो बराच वेळ हलतो. दुसऱ्या बनावटीच्या कुकाबुरा चेंडूची शिवण लवकर बसते. २०२४ आणि २०२५ मध्ये काही फेऱ्या कुकाबुराने खेळवल्या गेल्या. ड्यूक्सवर विसंबलेले मध्यमगती गोलंदाज तिथे सपाट पडतात आणि वेग किंवा फिरकी नसलेला संघ अडकतो. त्यामुळे गोलंदाजांचे आकडे बघताना कोणत्या चेंडूच्या फेरीतले, हे वेगळं करून बघा. ससेक्सने २०२४ मध्ये दुसरा विभाग जिंकला, तेव्हा पुजारा अर्धाच हंगाम तिथे होता.

प्रश्न : काउंटीचे सामने आपल्याकडे किती वाजता सुरू होतात? – एक वाचक, शहादा

तिथे सकाळी ११ म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेतीन. खेळ रात्री साडेदहाच्या सुमारास संपतो. सप्टेंबरात अर्धा तास लवकर. बहुतेक काउंट्या यूट्यूबवर थेट प्रक्षेपण करतात.

प्रश्न : आमचा तालुका संघ मॅटवर (मातीवर ताणून ठोकलेल्या चटईवर) उत्तम खेळतो. जिल्ह्याच्या सामन्यांत टर्फवर, म्हणजे चटई नसलेल्या खेळपट्टीवर, गेलो की फलंदाज पायचीत होतात, गोलंदाजांची धुलाई होते. हंगाम वाया गेला. काय बदलावं? – एक प्रशिक्षक, चोपडा

तुमचे खेळाडू कमी पडले असं आम्हाला वाटत नाही. त्यांच्या सवयी मॅटच्या आहेत. ताणलेल्या मॅटवर चेंडू एकसारखा आणि उंच उसळतो, म्हणून फलंदाज मागच्या पायावर थांबायला शिकतो. टर्फवर तोच चेंडू घोट्याजवळ येतो. गोलंदाजाचंही तसंच. मॅटवर छातीपर्यंत उठणारा आखूड चेंडू टर्फवर कमरेखाली येतो आणि फलंदाज त्याला आरामात कट मारतो. जिल्ह्याच्या सामन्यांआधी तीन आठवडे, आठवड्यातून दोन दिवस मॅट काढून दाबलेल्या मातीवर सराव घ्या. प्रत्येक फलंदाजाला जुन्या चेंडूने ३० चेंडू, फक्त पुढच्या पायावर, बॅट पॅडच्या पुढे. गोलंदाजांनी टप्पा साधारण एक मीटर पुढे न्यावा. त्या जागी जमिनीवर चुन्याची रेघ मारून द्या, तोंडी सांगून टप्पा सुधारत नाही.

पण मुळात मॅटखालची माती बघा. आपली कपाशीची काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हात फाटते. मार्च उजाडला की खेळपट्टीवर बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यावर मॅट टाकली तर भेगेवर पडलेला चेंडू मरतो, बाजूला पडलेला उडतो, आणि फलंदाजाचा उसळीवरचा भरवसाच जातो.

भेगा वाळूने किंवा मुरुमाने भरू नका. ही चूक सगळीकडे दिसते. वाळू फुगत नाही; भोवतीची माती पाण्याने फुगली की तिथे उंचवटा येतो आणि सुकल्यावर शेजारी नवी भेग पडते. तीच काळी माती वाळवून, कुटून, बारीक चाळणीने चाळून घ्या आणि खराट्याने भेगांत उतरवा. मग संध्याकाळी पाणी हळूहळू, थांबून थांबून द्या, म्हणजे ते खोल मुरेल. घाईने पाइप सोडला तर वरचा थर चिखल होतो आणि खाली कोरडं राहतं.

रोलर कधी फिरवायचा हे अंगठ्याने ठरवा. दाबल्यावर खूण उमटली पाहिजे, पण माती अंगठ्याला चिकटता कामा नये. चिकटत असताना फिरवला तर रोलर माती उचलतो आणि वरची कातडी घट्ट होऊन ओल आत अडकते. उन्हाळ्यात ही वेळ एखाद्या दिवसातच येते, हिवाळ्यात जास्त थांबावं लागतं. पाणी दिल्यावर रोज सकाळी बघायला जा.

मॅट अंथरताना एक टोक आधी पक्कं ठोका, दुसऱ्या टोकाने चार-पाच जणांनी ओढून ते ठोका, बाजू शेवटी. खिळे दोन-दोन फुटांवर, डोकी मातीच्या बरोबरीने. गोलंदाजाचा पाय पडतो तिथली कड रोज तपासा. सुटलेल्या कडेत पाय अडकून घोटा मोडतो. मधोमध चिमटीत धरून उचलून बघा. बोटभरापेक्षा जास्त उचलली गेली तर मॅट ढिली आहे. ढिल्या मॅटवर फिरकी जास्त पकड घेते, आणि तुमचा फिरकीपटू टर्फवर त्याच वळणाची वाट बघत बसतो. निवड चाचणीच्या दिवसांत तरी मॅट पूर्ण ताणलेली ठेवा, म्हणजे कोणाची फिरकी हाताची आणि कोणाची मॅटची, हे निवड करण्याआधी दिसेल.