बकरीने खाल्लेला धैंचा

प्रश्न : मुलगी बारावी सायन्स झाली, पीसीबी ग्रुप. ‘नीट’ दोनदा दिली, दोन्ही वेळा सरकारी कॉलेज हुकलं. तिसऱ्यांदा क्लास लावायची माझी तयारी आहे, तिची नाही. मी तुमसर तालुक्यात मँगनीजच्या खाणीत २२ वर्षं नोकरी करतो. ही पोरगी डंपवरची, म्हणजे खाणीच्या टाकाऊ दगड-मातीच्या ढिगावरची माती तेलाच्या डब्यांत भरून आणते, त्यात ताग, धैंचा ही हिरवळीच्या खताची शेंगवर्गीय पिकं पेरते आणि म्हणते, शेंगांच्या झाडांनी खाणीचा कचरा साफ करायचं शिकणार. त्या मातीतून तिला बाहेर काढायला मी झिजलो आणि ती तीच माती अंगणात आणते. परवा वैतागून मी रोपं उपटून बकरीला घातली. शेंगा पेरून खाणी साफ होतात का? तिला समजावून सांगा.
– एक पालक, जि. भंडारा

उत्तर :

भाऊ, पत्राचा एवढाच भाग वर दिला आहे. मूळ पत्र चार पानी आहे. त्यात ‘नीट’ पानोपानी आहे, क्लासची फी दोनदा आहे, शेजाऱ्याच्या एमबीबीएसला लागलेल्या मुलाचं नाव तीनदा आहे. तुमच्या मुलीचं नाव एकदाही नाही. शेवटच्या पानाच्या तळाशी मात्र पेन्सिलीने, वेगळ्या अक्षरात लिहिलेल्या तीन ओळी सापडल्या. पत्र टपालात टाकायला तुम्ही तिच्याकडेच दिलं असणार. ‘मॅडम, ताग बरा आला. धैंचा पिवळा पडला, मुळांना गाठी नव्हत्या. सोयाबीनचं रायझोबियम लावलं होतं, मग असं का?’ (रायझोबियम म्हणजे शेंगवर्गीय झाडांच्या मुळांवर गाठी करणारे जिवाणू.)

बाप रोपं बकरीला घालतो आणि पोरगी बापाच्याच पत्रातून विचारते, गाठी का नाही आल्या! तुमच्या चार पानांपेक्षा मला या तीन ओळींनी जास्त वेळ थांबवलं.

तुमचं एक वाक्य मात्र मनातून जात नाही. ‘त्या मातीतून तिला बाहेर काढायला मी झिजलो.’ खरी गोष्ट ही आहे, ‘नीट’ नंतर आली. मँगनीजची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली तर मज्जासंस्थेवर परिणाम होतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. पावसाळ्यात डंप घसरून नाल्यात उतरतो तेही तुम्ही पाहिलं असेल. आपलं लेकरू तिकडे परत जाऊ नये, असं वाटण्यात काही चूक नाही. पण तुम्ही जिथे राबलात तिथला बिघाड दुरुस्त करावा असं तिला वाटतंय आणि तुम्हाला ते आपल्या कष्टांचा अपमान वाटतं. मला तरी तो अपमान दिसत नाही. तिसऱ्या वर्षीचा क्लास तुम्ही तिच्यासाठी लावताय की शेजाऱ्याला उत्तर द्यायला, हे एकदा स्वतःशी बोला. माझं मत विचाराल तर लावू नका.

आता तुमचा प्रश्न. शेंगा पेरून खाणी साफ होतात का? नाही होत. आणि हे तुमच्या मुलीनेही नीट ऐकावं, कारण गैरसमज दोघांचा एकच आहे. धातू कुजत नाही, जळत नाही, झाडाच्या पोटात जाऊन त्याचं दुसरं काही होत नाही. काही मोजक्या वनस्पती तो पानांत साठवतात, पण मग ती पानं कापून सुरक्षित जागी न्यावी लागतात, नाहीतर पानगळीबरोबर धातू परत खाली येतो. बहुतेक शेंगवर्गीय झाडांकडून अपेक्षा वेगळी असते. डंपमध्ये माती म्हणावी असं काही नसतंच. दगडचुरा असतो, त्यात सेंद्रिय द्रव्य नाही, नत्र नाही, पाणी धरायची ताकद नाही. शेंगवर्गीय झाड मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंकडून हवेतला नत्र मिळवतं, म्हणून जिथे दुसरं काही तगत नाही तिथे ते तग धरतं. त्याचा पालापाचोळा कुजतो, हळूहळू माती तयार होते, मुळं डंप बांधून ठेवतात, धूळ उडायची थांबते आणि धातू जागच्या जागी राहतो. नागपूर जिल्ह्यातल्या गुमगावच्या मँगनीज खाणीच्या डंपवर नीरीच्या, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हे करून दाखवलंय. साखर कारखान्यातलं प्रेसमड (रस गाळून उरलेली मळी), रायझोबियम-ॲझोटोबॅक्टरसारखे नत्र धरणारे जिवाणू, मुळांना अन्न-पाणी मिळवून देणारी मायकोरायझा बुरशी असं सगळं सोबत देऊन तिथे झाडं जगवली. नुसतं बी फेकून आले असते तर तुमच्या बकरीलाही काही मिळालं नसतं.

बकरीचंच निघालं म्हणून सांगते. चार रोपांनी तिला काही होणार नाही, घाबरू नका. पण पुन्हा घालू नका. अशा जमिनीवरचा पाला जनावराच्या तोंडी जाऊ द्यायचा नाही, शेंगा घरात शिजवायच्या नाहीत, हा या कामातला पहिला नियम. तुमच्या मुलीने तो तुम्हाला सांगायला हवा होता. न सांगणं ही तिची चूक.

हिरवं दिसलं की काम झालं, असंही समजू नका. गोव्यात लोहखनिजाच्या डंपांवर ऑस्ट्रेलियन अकेशिया रांगेने लावलाय. तोही शेंगवर्गीयच, भराभर वाढतो, दुरून डोळ्यांना बरा वाटतो. जंगल मात्र तसं नसतं.

वाट सोपी आहे : एमएचटी-सीईटीतून बीएस्सी कृषी किंवा वानिकी, पुढे मृदाशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्रात एमएस्सी, मग नेट-गेट या संशोधनाच्या वाटेवरच्या परीक्षा. नोकरीचं मात्र गोड बोलणार नाही. सुरुवातीची काही वर्षं प्रोजेक्टवरची, मुदतीची कामं मिळतील आणि मुदत संपली की पुन्हा अर्ज. जमेची बाजू एवढीच की खाणीला बंद करण्याचा आराखडा कायद्याने द्यावा लागतो, आणि नीरी, खाणींवर देखरेख करणाऱ्या सरकारी भारतीय खाण ब्युरोचं मुख्यालय, कोळसा-मँगनीज कंपन्यांची मुख्य कार्यालयं, सगळं नागपुरात आहे. तुमच्या घरापासून एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर.

आता पेन्सिलवालीसाठी. अगं, सोयाबीनचं रायझोबियम धैंच्याला चालत नाही. प्रत्येक शेंगवर्गीयाचं जिवाणूंशी आपापलं गोत्र असतं. धैंच्याचं वेगळं पाकीट मागव. नाही मिळालं तर जिथे धैंचा जोमात येतो अशा बांधावरची मूठभर माती डब्यात मिसळ. शिवाय धातू जास्त असला की जिवाणूही दबतात. दक्षिण फ्रान्समधल्या जस्त-शिशाच्या एका जुन्या खाणीवर अँथिलिस नावाची पिवळ्या फुलांची शेंगवर्गीय वनस्पती वाढते. तिच्या गाठींत धातू सोसणारा जिवाणू निघाला, २००९मध्ये त्याचं नाव ठेवलं मेझोरायझोबियम मेटॅलिड्युरन्स. म्हणून तुझ्या डंपवर आपोआप उगवलेलं शेंगवर्गीय तण शोध आणि त्याची मुळं बघ. एक डबा नेहमी शेतातल्या मातीचा ठेव, नाहीतर तुलना कशाशी करशील? माती हाताळताना नाकातोंडाला रुमाल बांध, आणि डबे अंगणात नकोत, परसात ठेव.

गाठी आल्या की ब्लेडने कापून आतला रंग बघ. गुलाबी म्हणजे नत्राचं काम चालू, पांढरा किंवा हिरवट म्हणजे नाही. तागाच्या मुळांना गाठी होत्या की नाही, ते तू लिहिलंच नाहीस. पुढचं पत्र तू लिही, पेनाने, आणि खाली स्वतःचं नाव घाल. भाऊ, डबे तुम्ही भरून द्या. कोणता डंप जुना, कोणता नवा, हे तिला तुमच्याशिवाय कोण सांगणार?