वाचकांचे प्रश्न : एआयने दिलेली माहिती आणि आपला धंदा

सोलापूर शहर व जिल्ह्यातील छोट्या व्यावसायिकांकडून अलीकडे या सदराकडे आलेली बरीचशी पत्रे एकाच विषयावरची आहेत. चॅटजीपीटी, जेमिनी यांसारख्या एआय सहाय्यकांकडून बाजाराची, करांची किंवा कायद्याची माहिती काढावी का, आणि काढलीच तर तिच्यावर कितपत विसंबावे, असे त्यांत विचारले आहे. त्यांपैकी चार पत्रे संक्षिप्त करून येथे घेतली आहेत.

प्रश्न : अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत आमचा टेरी टॉवेलचा लहान कारखाना आहे. आजवर सगळा माल व्यापाऱ्यांमार्फत गेला. आता हॉटेलांना थेट माल द्यावा असे मुलाचे म्हणणे असून त्याने एआयकडून मोठा अहवाल तयार करून घेतला आहे. मागणी दरवर्षी किती टक्क्यांनी वाढते, कोणत्या वजनाचा टॉवेल चालतो, जीएसटी किती बसतो, हे सगळे त्यात आहे. शिवाय खरेदीदारांची नावे आणि फोन नंबरही आहेत. त्यांतले काही नंबर लागलेच नाहीत आणि दोन हॉटेले तर त्या पत्त्यावर अस्तित्वातच नाहीत. मग बाकीच्या अहवालाचे काय करावे?
— एक टॉवेल उत्पादक

उत्तर : अहवाल टाकून देऊ नका, मात्र त्यातले प्रत्येक विधान कुठून आले आहे, हे पाहिल्याशिवाय त्यावर एक रुपयाही लावू नका. नंबर का चुकले, हे आधी समजून घेतले तर बाकीची पाने कशी वाचावीत हे आपोआप कळेल. ही साधने अफाट मजकूर वाचून, कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येण्याचा संभव आहे, हे शिकलेली असतात. खरी माहिती हाताशी नसली, तरी माहितीसारखा दिसणारा मजकूर ती तितक्याच सहजतेने जुळवतात, आणि दोन्हींची भाषा सारखीच ठाम असते. न्यूयॉर्कच्या एका न्यायालयात २०२३ साली विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी चॅटजीपीटीने सुचवलेले पूर्वीचे निवाडे सादर केले. ते निवाडे कधी झालेच नव्हते, आणि वकिलांना पाच हजार डॉलरचा दंड झाला. आपल्या दृष्टीने त्यातला महत्त्वाचा तपशील असा की, हा निवाडा खरा आहे का, असे त्यांनी त्याच साधनाला विचारले होते आणि त्याने होय म्हणून सांगितले होते. तेव्हा मुलाने ‘ही यादी नक्की बरोबर आहे ना?’ असे पुन्हा विचारून घेतले असले, तर ती पडताळणी नव्हे.

आता करांकडे पाहू. आपल्या अहवालात एक हजार रुपयांपर्यंतच्या नगाला पाच टक्के आणि त्यावरच्या नगाला बारा टक्के असे लिहिलेले असेल, तर तो मजकूर जुना आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून टॉवेल, चादरी यांसारख्या तयार कापडी वस्तूंसाठी ही मर्यादा प्रतिनग अडीच हजार रुपये झाली असून तेथपर्यंत पाच टक्के आणि त्यापुढे अठरा टक्के जीएसटी आहे. या साधनांना शिकवलेला मजकूर एका ठरावीक तारखेला थांबलेला असतो, आणि इंटरनेटवर शोध घेऊन उत्तर देणारे साधनही कधीकधी जुनाच लेख उचलते, कारण जुने लेख संख्येने अधिक असतात. सूक्ष्म व लघु उद्योगाच्या व्याख्येचेही तसेच आहे. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची मर्यादा अडीच कोटींची गुंतवणूक आणि दहा कोटींची उलाढाल अशी झाली, पण एक कोटी आणि पाच कोटी हे २०२० चे आकडे अजून सर्वत्र वाचायला मिळतात. म्हणून कराचा किंवा योजनेचा कोणताही आकडा आला की त्यामागची अधिसूचना आणि तिची तारीख मागावी, दिलेला दुवा स्वतः उघडून पाहावा आणि शेवटी आपल्या करसल्लागाराला दाखवावा. करसल्लागाराचे काम यामुळे संपत नाही; आपला प्रश्न नेमका झाल्यामुळे त्याचा वेळ वाचतो, एवढेच.

टॉवेलच्या वजनाबाबत तर आपल्याला एआयची गरजच नाही, कारण काटा आपल्या कारखान्यात आहे. ७५ बाय १५० सेंटिमीटरचा टॉवेल साडेचारशे जीएसएमचा (म्हणजे दर चौरस मीटरला साडेचारशे ग्रॅम वजनाचा) असेल, तर एक नग साधारण ५०६ ग्रॅम आणि डझन सहा किलोंच्या थोडे वर भरायला हवा. अहवालातला आकडा या गणितात बसत नसेल, तर त्या पानावरचा भावाचा हिशेबही तपासून घ्यावा. मागणीच्या वाढीचे टक्के मात्र मी सरळ बाजूला ठेवेन. असे आकडे बहुधा विक्रीसाठी काढलेल्या बाजार-अहवालांच्या जाहिरातींतून येतात. कोणती वर्षे, कोणता देश, कोणता माल हे त्यात धड सांगितलेले नसते, आणि आपले माग चालू राहतील की नाही याच्याशी त्यांचा संबंध फार थोडा. निर्यातीचा खरा अंदाज हवा असेल, तर केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर सुती टेरी टॉवेलच्या ६३०२६० या क्रमांकाखालील आकडे देशवार मिळतात. ते उतरवून एआयला द्यावेत आणि फक्त याच आकड्यांवरून तक्ता करून मागावा.

मग हे साधन उपयोगी कुठे पडते, असे आपण विचाराल. माझ्या मते दोन ठिकाणी, आणि त्यांकडेच फार कमी कारखानदारांचे लक्ष जाते. पहिले म्हणजे गिऱ्हाइकांच्या तक्रारी. ऑनलाइन विक्रीच्या संकेतस्थळांवर टॉवेलखाली लोकांनी लिहिलेले शेकडो अभिप्राय असतात. ते एकत्र करून दिले की धाग्यांचा कचरा निघतो, रंग जातो, पाणी शोषत नाही, धुतल्यावर आटतो, कडेची शिवण उसवते अशा तक्रारींची गटवारी एआय काही मिनिटांत करून देतो. येथे मजकूर आपणच दिलेला असल्यामुळे त्याला कल्पनेने भर घालायला वाव कमी राहतो, आणि शंका आली तर मूळ अभिप्राय समोर असतातच. दुसरे म्हणजे विरोधी बाजू मांडून घेणे. ही साधने विचारणाऱ्याच्या कलाने बोलतात. ‘हॉटेलांना थेट विक्री करणे फायद्याचे आहे ना?’ असे विचारले की फायद्यांची यादी मिळते. त्याऐवजी ‘लहान टॉवेल उत्पादकाचा हा बेत कोणकोणत्या कारणांनी फसू शकतो आणि ते आधी कसे ओळखावे?’ असे विचारून पाहावे. एकदम मोठी ऑर्डर येणे, प्रत्येक खेपेला तोच रंग व तेच वजन राखणे, औद्योगिक धुलाईत टॉवेल किती टिकतो याची चाचणी, वाहतूक, आणि सर्वांत वर उधारी, असे मुद्दे पुढे येतील.

उधारीवर थोडे अधिक लिहितो. एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) विकास अधिनियम, २००६ नुसार सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार नसेल तर पंधरा दिवसांत, आणि करार असला तरी जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यावे लागतात. आपली ‘उद्यम’ नोंदणी, म्हणजे अशा उद्योगांची सरकारदरबारी होणारी नोंदणी, झालेली असावी. ती सरकारी पोर्टलवर विनामूल्य होते, पैसे मागणारी खासगी संकेतस्थळे टाळावीत. एवढे एआय सांगू शकेल. परंतु कोणते हॉटेल वेळेवर पैसे देते, कुणाचा खरेदी व्यवस्थापक माल आल्यावर खोड काढून भाव पाडतो, हे कुठल्याही संकेतस्थळावर लिहिलेले नसते. ते चादर-टॉवेलच्या व्यापाऱ्यांना, वाहतूकदारांना आणि त्या हॉटेलांना आधीपासून साबण-चादरी पुरवणाऱ्यांना माहीत असते. मुलाने अहवालातल्या नावांपैकी खरी ठरलेली पाच हॉटेले निवडावीत आणि नमुने घेऊन तेथे जावे.

प्रश्न : माझे इंग्रजी बेताचे आहे. एआयला मराठीत विचारले तर उत्तर कमी दर्जाचे मिळते का? पैसे भरून सभासदत्व घेणे आवश्यक आहे का?
— हार्डवेअर दुकानदार, बार्शी

उत्तर : मराठीत अवश्य विचारावे. फक्त धंद्याविषयीची बहुतेक मूळ कागदपत्रे इंग्रजीत असल्यामुळे ‘इंग्रजी व सरकारी स्रोतांत शोध, उत्तर सोप्या मराठीत दे, आणि प्रत्येक विधानापुढे दुवा दे’ अशी सूचना सुरुवातीलाच करावी. बोलून विचारल्यास वस्तूंची नावे आणि आकडे नीट उमटले आहेत का ते पाहावे. पैसे भरण्याची घाई नको. मोफत सोय रोज अपुरी पडू लागली, तर तेव्हा विचार करता येईल.

प्रश्न : मी घरी शेंगाचटणी करते. ओळखीच्या लोकांत ती चांगली खपते, आता पुण्याच्या दुकानांत ठेवायची आहे. एआयने पाकिटावरचा मजकूर लिहून दिला असून चटणी सहा महिने टिकते असे सांगितले आहे. तसे छापले तर चालेल का?
— एक गृहउद्योजिका, सोलापूर

उत्तर : सहा महिने असे छापू नका. आपली चटणी एआयने पाहिलेली नाही. शेंगदाणे किती भाजले, कुटताना तेल किती सुटले, तिखट-मीठ किती, ओल किती राहिली, पाकीट कोणत्या प्रकारचे, आणि सोलापूरच्या चाळीस अंशांपलीकडच्या उन्हाळ्यात ते किती दिवस पडून राहणार, या सगळ्यांवर टिकाऊपणा ठरतो. शेंगदाण्याच्या तेलाला हवा, उजेड आणि उष्णतेने खवट वास येतो, तो निदान नाकाला कळतो. शेंगदाण्यावर धरणाऱ्या बुरशीपासून तयार होणारे अफ्लाटॉक्सिन हे विष मात्र वासाने किंवा चवीने ओळखता येत नाही, आणि भाजल्याने ते पुरते नाहीसे होत नाही. म्हणून दाणे निवडून घ्यावेत, आणि दुकानांत माल ठेवण्यापूर्वी अन्न सुरक्षा प्राधिकरणाने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेतून चटणी तपासून घ्यावी. दरम्यान एकाच घाण्याची काही पाकिटे बाजूला ठेवून दर पंधरवड्याला एक उघडावे आणि वास, रंग, चव तारखेसह वहीत लिहावी. प्रयोगशाळेशी बोलताना ही वही फार उपयोगी पडेल.

पाकिटावरच्या मजकुरासाठी एआयचा उपयोग जरूर करा, पण वेगळ्या पद्धतीने. अन्नपदार्थांच्या लेबलविषयीचे २०२० चे विनियम प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर आहेत. ती पीडीएफ एआयला द्यावी आणि ‘केवळ या दस्तऐवजाच्या आधारे माझ्या लेबलमध्ये काय राहिले आहे ते कलमासह सांग’ असे विचारावे. घटकांची उतरत्या प्रमाणातली यादी, शाकाहाराचे हिरवे चिन्ह, निव्वळ वजन, परवाना किंवा नोंदणी क्रमांक, बॅच, तारखा, उत्पादकाचे नाव-पत्ता हे त्यात येईल. आणि शेंगदाणा हा ॲलर्जीकारक घटकांत मोडत असल्याने त्याचा स्वतंत्र उल्लेखही लागेल. घरगुती पाकिटांवर हा शेवटचा उल्लेख बहुतेक वेळा नसतोच. चटणीच शेंगांची, मग वेगळे काय सांगायचे, असे आपल्याला वाटते. कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठीचा संपर्क वैधमापन (वजन-मापांविषयीच्या) नियमांत येतात, तेही पाहावेत.

एआयने लिहिलेल्या मजकुरात ‘रोगप्रतिकारशक्ती वाढवते’, ‘हृदयासाठी उत्तम’ असे काही असेल तर ते आजच काढून टाका. अशा दाव्यांना शास्त्रीय आधार लागतो आणि त्यांच्यासाठी २०१८ पासून वेगळे विनियम आहेत. शेंगाचटणी विकण्यासाठी हृदयाला मध्ये आणण्याची गरज नाही.

प्रश्न : माझा शालेय गणवेश शिवण्याचा व्यवसाय आहे. शाळांकडून आलेल्या मापांच्या याद्या, जुनी बिले आणि गिऱ्हाइकांची नावे एआयला देऊन पुढच्या जूनसाठी कोणत्या मापाचे किती नग कापायचे ते काढता येईल का? ही माहिती बाहेर जाण्याचा धोका असतो का?
— गणवेश उत्पादक, सोलापूर

उत्तर : काढता येईल, परंतु याद्या आहेत तशा देऊ नका. त्यांत मुलांची नावे, इयत्ता, तुकडी, शाळा आणि शरीराची मापे आहेत. ती पालकांनी गणवेशासाठी दिलेली आहेत, इतर कशासाठी नाही. अनेक सेवांच्या मोफत व वैयक्तिक खात्यांतील संभाषणे एआयला शिकवण्यासाठी वापरली जाऊ शकतात. ते बंद करण्याची सोय सेटिंगमध्ये असते आणि ती पहिल्याच दिवशी पाहून घ्यावी. पण सेटिंग बदलले म्हणून नावे देण्यास हरकत नाही, असे समजू नये. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि मुलांच्या माहितीबाबत त्याच्या अटी अधिक कडक आहेत. तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत असल्या तरी सवय आताच लावलेली बरी.

आपल्या कामाला नावे लागतच नाहीत. शाळेऐवजी ‘क’, ‘ख’ अशी अक्षरे, आणि पुढे इयत्ता, माप, नग व वर्ष एवढेच रकाने ठेवावेत. बिलांतून फोन नंबर, जीएसटी क्रमांक आणि आपला खरेदी-भाव काढून टाकावा. भाव तर कुणालाच देऊ नये. बेरीज-गुणाकार थेट एआयकडून करून घेण्याऐवजी त्याच्याकडून एक्सेलचे सूत्र लिहून घ्यावे आणि हिशेब आपल्या संगणकावर करावा, कारण लांब याद्यांच्या बेरजेत ही साधने अधूनमधून चुकतात आणि चूक सहज दिसत नाही. सूत्र बरोबर आहे की नाही हे पाहण्यासाठी गेल्या वर्षाच्या आधीचे आकडे त्यात घालावेत आणि त्यावरून निघालेला गेल्या जूनचा अंदाज प्रत्यक्ष विक्रीशी ताडून पाहावा. कोणती मापे शिल्लक राहिली आणि कोणती ऐनवेळी पुन्हा कापावी लागली, हे आपल्या कटिंग मास्तरांना तोंडपाठ असेल. त्यांच्या सांगण्याशी तक्ता जुळला नाही, तर यंदा कापड त्यांच्या अंदाजाने घ्यावे आणि तक्त्यातला फरक जूननंतर सवडीने शोधावा.