इ.स. 69 वाचायला घेताना

या एका वर्षात रोमच्या गादीवर चार सम्राट आले. गाल्बा, ओथो, व्हिटेलियस, व्हेस्पेशियन ही त्यांची नावं घोकत बसू नकोस. आधी नकाशा उघड आणि कुठली फौज कुठे आहे ते बघ. ऱ्हाईनकाठच्या सैन्याने जानेवारीतच व्हिटेलियसला उचलून धरलं. रोममध्ये सम्राट गाल्बा प्रीटोरियन पहारेकऱ्यांना (सम्राटाच्या खास रक्षकांना) कबूल झालेली बक्षिसी देईना. ओथोने त्यांनाच फितवून 15 जानेवारीला भर फोरममध्ये (रोमच्या मुख्य चौकात) गाल्बाचा काटा काढला. एप्रिलमध्ये उत्तर इटलीतल्या बेड्रियाकमला व्हिटेलियसच्या फौजेकडून हरल्यावर ओथोने आत्महत्या केली. एवढं झरझर वाचलंस तरी चालेल.

खरी गंमत पुढे आहे. व्हेस्पेशियन ज्यूंचं बंड मोडण्यात गुंतलेला असताना 1 जुलैला इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात सैन्याने त्याच्या नावाने शपथ घेतली. रोमचं धान्य इजिप्तमधून यायचं, म्हणजे नाक दाबायची सोय हातात!

ऑक्टोबरमधली व्हेस्पेशियन आणि व्हिटेलियस यांच्या फौजांमधली क्रेमोनाची लढाई मात्र सावकाश वाच. रात्रभर झुंज चालली. पहाटे व्हेस्पेशियनच्या बाजूच्या तिसऱ्या लीजनने (रोमन सैन्याच्या तुकडीने) सीरियातल्या रिवाजाप्रमाणे उगवत्या सूर्याला वंदन केलं आणि समोरच्यांना वाटलं, यांना नवी कुमक आली. व्हिटेलियसची बाजू तिथेच ढासळली. डिसेंबरात तोही मारला गेला, त्याच्या आदल्याच दिवशी रोममधल्या कॅपिटोल टेकडीवरचं ज्युपिटरचं देऊळ जळालं. आग कुणी लावली यावर जुन्या लेखकांचं एकमत नाही. कुणी छातीठोकपणे सांगू लागलं तर कशाच्या आधारे, ते विचार.