गोठलेली पेन्शन, संपाचा दिवस आणि विकत घ्यायची वर्षं

ब्रिटनमधली नोकरी, संप आणि सरकारी भत्ते यांवर आलेल्या पत्रांपैकी निवडक पाच पत्रं या अंकात घेतली आहेत. वेगळं सांगितलं नसेल तिथे रकमा २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या आहेत. तिकडचं हे वर्ष ६ एप्रिलला सुरू होतं.

प्रश्न : वडील लेस्टरमध्ये आयुष्यभर नोकरी करून २०१६ साली पुण्याला परतले. त्याच वर्षी त्यांची पूर्ण स्टेट पेन्शन (सरकारी वृद्धापकाळ पेन्शन) सुरू झाली, आठवड्याला १५५.६५ पौंड. आजही तेवढीच येते. त्यांच्या लेस्टरच्या मित्राची मात्र दरवर्षी वाढते. कुठे अर्ज करायचा राहून गेला आहे का?

काहीही राहून गेलेलं नाही. भारतात राहणाऱ्याची ब्रिटिश स्टेट पेन्शन पहिल्या दिवसाच्या दरावर गोठते, असा नियमच आहे. तुमच्या वडिलांच्या मित्राला २०२५-२६ मध्ये आठवड्याला २३०.२५ पौंड मिळत होते. फरक ७४.६० पौंडांचा, म्हणजे वर्षाला ३,८७९ पौंड. दोघांनी नॅशनल इन्शुरन्सची, म्हणजे पगारातून कापल्या जाणाऱ्या सरकारी विम्याची वर्गणी एकाच दराने भरली होती.

ब्रिटनमध्ये ही पेन्शन ‘ट्रिपल लॉक’ने वाढते. महागाईचा दर, सरासरी पगारवाढ आणि २.५ टक्के यांतला जो आकडा मोठा, तेवढी वाढ एप्रिलमध्ये मिळते. परदेशात ही वाढ कोणाला द्यायची, हे देशावर ठरतं. युरोपीय संघातले देश, स्वित्झर्लंड, अमेरिका, फिलिपिन्स, जमैका इथे वाढ मिळते. भारत, पाकिस्तान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका इथे मिळत नाही. गोठलेली पेन्शन घेणारे साडेचार लाखांच्या आसपास आहेत, आणि त्यांतले बहुसंख्य ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि न्यूझीलंडमध्ये आहेत. त्यामुळे हा फक्त आपल्या लोकांचा प्रश्न नाही.

सरकारचं म्हणणं असं की वाढ ही ब्रिटनमधल्या महागाईसाठी असते आणि बाहेर ती फक्त करार असलेल्या देशांतच देता येते. आम्हाला हा युक्तिवाद पटत नाही. ब्रिटनमधली महागाई हाच निकष असेल, तर फ्लोरिडातल्या पेन्शनरला वाढ का मिळते? पण न्यायालयात हा मुद्दा टिकला नाही. दक्षिण आफ्रिकेत राहणाऱ्या ॲनेट कार्सन यांचा खटला ब्रिटनच्या सर्वोच्च पातळीवर हरला आणि २०१० साली स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयातही ११ विरुद्ध ६ मतांनी हरला. न्यायाधीशांनी सांगितलं की वर्गणी आणि पेन्शन यांचा थेट विमा-हप्त्यासारखा संबंध नाही. आता मार्ग उरला तो संसदेचा.

तुमच्या हातात असलेल्या गोष्टी अशा. वडील ब्रिटनला गेले, तर तिथे असेपर्यंत चालू दराने पेन्शन मिळू शकते. त्यासाठी इंटरनॅशनल पेन्शन सेंटरला जाण्यायेण्याच्या तारखा कळवाव्या लागतात. भारतात परतताच जुना दर लागू होतो. ते कायमचे तिकडे राहायला गेले, तर पूर्ण दर सुरू होतो. पत्ता मात्र कधीही लपवू नका. लेस्टरचा पत्ता दाखवून पुण्यात राहिलं, तर जास्त दिलेली रक्कम वसूल होते आणि फसवणुकीचा ठपकाही येऊ शकतो. हयातीचा फॉर्म आला की साक्षीदाराची सही घेऊन मुदतीत परत पाठवा. तो टपालात अडकला तरी पेन्शन थांबते.

एक गोष्ट लोक हमखास गल्लत करतात. गोठते ती स्टेट पेन्शन. वडिलांनी आरोग्यसेवेत किंवा सरकारी शाळेत काम केलं असेल, तर त्या नोकरीची पेन्शन वेगळी असते आणि ती भारतातही महागाईप्रमाणे वाढते. ती वाढत नसेल, तर जरूर चौकशी करा.

प्रश्न : मी २००४ ते २०१६ ब्रिटनमध्ये आयटीत होतो, आता नागपूरला आहे. वय ५५. १२ वर्षांची वर्गणी भरली आहे. आणखी वर्षं विकत घेण्यात अर्थ आहे का?

बहुधा आहे, पण पैसे पाठवायच्या आधी दोन गोष्टी तपासा.

पेन्शन मिळायला किमान १० वर्षं लागतात. ती तुमची झाली आहेत. पूर्ण रकमेला साधारण ३५ लागतात. एप्रिल २०१६ नंतरचं प्रत्येक भरलेलं वर्ष पूर्ण पेन्शनचा ३५ वा भाग वाढवतं, म्हणजे आठवड्याला ६.५८ आणि वर्षाला सुमारे ३४२ पौंड. तिसऱ्या वर्गाची ऐच्छिक वर्गणी आठवड्याला १७.७५, वर्षाची ९२३ पौंड. म्हणजे पेन्शन सुरू झाल्यावर पावणेतीन वर्षांत पैसे वसूल. परदेशात नोकरी करणाऱ्यांसाठी दुसरा वर्ग फार स्वस्त होता, वर्षाला १८२ पौंड. ६ एप्रिल २०२६ पासूनच्या परदेशातल्या काळासाठी तो मार्ग बंद झाला आणि नव्याने ऐच्छिक वर्गणी सुरू करणाऱ्याला ब्रिटनमधलं वास्तव्य किंवा वर्गणी ३ ऐवजी १० वर्षांची लागू लागली. तुम्ही या अटीत बसता. ५-७ वर्षांत परतलेल्या अनेकांसाठी मात्र दार लागलं, आणि त्यांची वर्गणी तशीच तिकडे राहिली. हे फार वाईट झालं.

आता तपासायच्या गोष्टी. पहिली म्हणजे सरकारी संकेतस्थळावरचा पेन्शनचा अंदाज. १२ भागिले ३५ असा घरगुती हिशेब करू नका. २०१६ पूर्वीच्या वर्षांची रक्कम जुन्या आणि नव्या अशा दोन्ही नियमांनी काढून त्यातली मोठी धरली जाते. तुमच्या कंपनीची योजना ‘काँट्रॅक्टेड आउट’ (सरकारी पेन्शनच्या जादा भागातून बाहेर पडून कमी वर्गणी भरणारी) असेल, तर त्यातून कपातही होते. दुसरी गोष्ट, कोणतं वर्ष भरल्याने रक्कम खरोखर वाढेल, हे फ्यूचर पेन्शन सेंटरला विचारा. सगळीच वर्षं उपयोगाची नसतात, आणि भरलेले पैसे परत मिळणं कठीण असतं. अर्धवट भरलेलं वर्ष असेल तर ते आधी घ्या, ते स्वस्त पडतं. मागे जाण्याची मर्यादा ६ वर्षांची आहे. २००६ पर्यंत मागे जाण्याची खास सवलत ५ एप्रिल २०२५ ला संपली.

परदेशातून अर्ज ‘सीएफ ८३’ या फॉर्मवर करतात. उत्तरात १८ अंकी संदर्भ क्रमांक येतो. पैसे पाठवताना तो लिहिला नाही, तर रक्कम पोचते पण तुमच्या नावावर चढत नाही आणि महिनोन्महिने पत्रव्यवहार चालतो.

पेन्शन तुम्हाला ६७ व्या वर्षी सुरू होईल. भारतात ती गोठेल, पण सुरुवात त्या वर्षीच्या दराने होईल, आजच्या नाही. हा मुद्दा हिशेबात धरा.

प्रश्न : मी इंग्लंडमधल्या रुग्णालयात नर्स आहे, स्किल्ड वर्कर व्हिसावर. संघटना संपाचं मतदान घेते आहे. संपात गेले तर व्हिसा जाईल का?

कायदेशीर संपामुळे नाही. व्हिसाच्या नियमांत वर्षाला ४ आठवड्यांपेक्षा जास्त बिनपगारी रजा झाली तर मालकाला प्रायोजकत्व, म्हणजे व्हिसासाठीची स्वतःची हमी, थांबवावं लागतं, पण कायदेशीर संपाचे दिवस त्या मोजणीतून वगळले आहेत. वॉर्डात कोणी उलट सांगत असेल, तर ते लेखी मागा.

सगळं अडतं ते ‘कायदेशीर’ या शब्दावर. मतदान टपालाने घरी येतं. निम्म्या सदस्यांनी तरी मत द्यावं लागतं. १,००० सदस्यांत ४९९ मतं आली आणि सगळी संपाच्या बाजूने असली, तरी संप बेकायदा. जून २०२३ मध्ये रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग या नर्सेसच्या संघटनेच्या फेरमतदानात ८४ टक्के मतं संपाच्या बाजूने पडली, पण मतदान झालं ४३ टक्के, आणि इंग्लंडमधला नर्सेसचा लढा तिथेच थांबला. त्यामुळे घर बदललं असेल, तर आजच संघटनेला नवा पत्ता कळवा. आरोग्यसेवेत एकूण सदस्यांपैकी ४० टक्क्यांचा होकार लागायचा, ती जादा अट नव्या कायद्याने फेब्रुवारी २०२६ मध्ये गेली. मालकाला द्यायची नोटीस १४ दिवसांवरून १० वर आली आणि मतदानाचा कौल ६ ऐवजी १२ महिने चालतो.

संघटनेने न पुकारलेल्या, अचानकच्या कामबंदीत मात्र जाऊ नका. तिथे संरक्षण नाही. दुसऱ्यांच्या संपाला पाठिंबा म्हणून काम थांबवणंही १९९० पासून चालत नाही. १९७६ ते १९७८ या काळात उत्तर-पश्चिम लंडनमधल्या ग्रनविक फोटो प्रयोगशाळेत जयाबेन देसाई आणि इतर स्थलांतरित बायकांनी लढा दिला, तेव्हा क्रिकलवुडच्या टपाल कामगारांनी कंपनीची पत्रं अडवली होती. तसं आज करता येणार नाही.

पगार कापला जाईल, पण किती ते पाहा. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये शिक्षकांच्या एका खटल्यात सांगितलं की करारात वेगळं नसेल, तर वार्षिक पगाराच्या नोकरीत एका दिवसाचा पगार म्हणजे ३६५ वा भाग. ३६,५०० पौंड पगारावर १०० पौंड. काही मालक २६० ने भागतात, मग १४० जातात. कराराचं ते कलम वाचा. नॅशनल इन्शुरन्सचं वर्ष ४-६ दिवसांच्या संपाने बुडत नाही, कारण त्याला २०२५-२६ मध्ये वर्षाची ६,५०० पौंड कमाई पुरत होती.

प्रश्न : इंग्लंडचे डॉक्टर म्हणतात पगार घटला, मंत्री म्हणतात २२ टक्के वाढ दिली. खोटं कोण बोलतं?

कोणीच नाही. दोघांची मोजपट्टी वेगळी आहे. दोन वर्षांची मिळून सरासरी २२.३ टक्के वाढ सप्टेंबर २०२४ मध्ये निवासी डॉक्टरांनी मान्य केली, हे खरं. पण ब्रिटिश मेडिकल असोसिएशन ही डॉक्टरांची संघटना २००८ पासूनचा हिशेब मांडते आणि महागाई आरपीआय या किरकोळ किमतींच्या जुन्या निर्देशांकाने मोजते. त्या हिशेबाने जुन्या पगारावर यायला जुलै २०२५ च्या संपाच्या वेळी आणखी २९ टक्के हवे होते. सरकार सीपीआय हा ग्राहक किंमत निर्देशांक वापरतं. तो जवळजवळ नेहमीच कमी येतो, म्हणून घटही लहान दिसते.

आरपीआय सदोष आहे हे सांख्यिकी खात्याने मान्य केलं आहे, २०१३ साली त्याचा राष्ट्रीय आकडेवारीचा दर्जाही गेला. तरीही विद्यार्थी-कर्जाचं व्याज त्याच्यावरच ठरतं, आणि तरुण डॉक्टरांच्या डोक्यावर तेच कर्ज असतं. कर्ज एका पट्टीने आणि पगार दुसऱ्या, हा त्यांचा आक्षेप आम्हाला रास्त वाटतो. २००८ हेच वर्ष का धरायचं, याला मात्र संघटनेकडेही पक्कं उत्तर नाही. सुरुवात दुसऱ्या वर्षापासून केली की आकडा बदलतो.

प्रश्न : आईचा हिवाळी इंधन भत्ता २०२४ मध्ये बंद झाला होता. आता पुन्हा अर्ज करायचा का?

सहसा गरज नाही. जुलै २०२४ मध्ये तो फक्त गरीब पेन्शनरांपुरता ठेवला होता. विरोध एवढा झाला की जून २०२५ मध्ये निर्णय फिरवावा लागला. इंग्लंड आणि वेल्समध्ये आता तो आपोआप जमा होतो. २०० पौंड, आणि वय ८० किंवा जास्त असेल तर ३००. आईचं स्वतःचं वार्षिक उत्पन्न ३५,००० पौंडांपेक्षा जास्त असेल, तर कर खातं तो परत घेईल. नवरा-बायकोचं उत्पन्न एकत्र धरत नाहीत, एकाचं जास्त असेल तर त्याचाच वाटा जातो. ‘भत्त्यासाठी बँकेचा तपशील द्या’ असा मोबाइलवर मेसेज आला, तर तो फसवणुकीचा आहे. आईला हे आधीच सांगून ठेवा.