एकाच संगणकावर दोन पायथन

प्रश्न : उबुंटू २२.०४ या संगणक-प्रणालीवर पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची ३.१२ आवृत्ती टाकली, तरी 'पायथन३' ही आज्ञा जुनी ३.१० च दाखवते. नुसते 'पायथन' तर सापडतच नाही. 'पायथन३' चा जुना दुवा (दुसऱ्या फाइलकडे नेणारे नाव) बदलू का? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : दुवा बदलू नका! 'पायथन३' हा ३.१० कडे नेणारा दुवा आहे आणि उबुंटूची स्वतःची साधने त्याच्याच भरवशावर चालतात. तो फिरवला की 'एपीटी_पीकेजी' हे पॅकेजे हाताळणाऱ्या साधनांना लागणारे मोड्यूल सापडत नाही. कधी टर्मिनल, म्हणजे आज्ञा लिहायची खिडकीसुद्धा उघडत नाही. नवी आवृत्ती पूर्ण नावाने, 'पायथन३.१२' अशी हाकारा. प्रकल्पासाठी आधी 'पायथन३.१२-व्हेन्व्ह' पॅकेज टाका, मग 'पायथन३.१२ -एम व्हेन्व्ह काम' ही आज्ञा द्या; त्याने 'काम' नावाचे, प्रकल्पापुरते वेगळे पायथन वातावरण तयार होते. ते वातावरण सुरू केल्यावर आत नुसते 'पायथन' म्हणजे ३.१२ च. विंडोजवर नावे अशी नसतात. तिथे 'पीवाय -३.१२'.