पुलीतील छिद्रे आणि उसळलेला रस

प्रश्न : जुन्या पत्र्याच्या पिंपाला आतून अग्निविटा लावून मी अंगणात कोळशाची भट्टी केली आहे. भंगारातले ॲल्युमिनियम वितळवून ओल्या वाळूच्या साच्यात लहान पुली ओततो. पण लेथवर कातताना आत टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे दिसतात. परवा मुशीतल्या रसात आणखी एक तुकडा टाकताच रस उसळून अंगणभर उडाला. रस कमी तापतो म्हणून असे होते काय?

उत्तर : नाही, अधिक तापवल्यास छिद्रे वाढतील. तुमच्या दोन्ही अडचणींचे मूळ ओलाव्यात आहे. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते आणि लहान पुलीसाठी रस ७०० ते ७५० अंशांना ओतणे पुरेसे असते. भंगारावरचे पाणी, तेल आणि ग्रीस यांतून वितळलेला धातू हायड्रोजन शोषतो, आणि जितका तापेल तितका अधिक शोषतो. गोठताना मात्र तो वायू त्यात मावत नाही आणि जागीच अडकून छिद्रे पडतात. एक पुली करवतीने कापून भिंगातून पाहा. छिद्रे गोल आणि आतून गुळगुळीत असतील तर ती वायूची समजावीत. जाड भागातली खडबडीत, फाटे फुटलेली पोकळी ही आकुंचनाची असते व तिथे मोठा रायझर, म्हणजे गोठताना आकुंचन पावणाऱ्या भागाला रस पुरवणारा साच्यातला जादा साठा, द्यावा लागतो.

रस उसळल्याचे वाचून मात्र काळजी वाटली. पाण्याची वाफ होताना आकारमान सुमारे १,६०० पटींनी वाढते, त्यामुळे तुकड्याच्या खाचेत राहिलेला, रसाखाली दबलेला एखादा थेंबही पुरतो. म्हणून प्रत्येक तुकडा, चिमटा आणि पळी आधी भट्टीच्या काठावर चांगली तापवूनच रसात घाला. दोन्ही तोंडे बंद असलेली नळी किंवा शॉक ॲब्सॉर्बर मुशीत कधीही टाकू नका. उघड्या काँक्रीटवरही ओतू नका, कारण सांडलेल्या रसाने आतल्या ओलाव्याची वाफ होऊन कपच्या उडतात. खाली कोरड्या वाळूचा चार बोटे जाड थर असावा. पायांत चामड्याचे बूट, त्यांच्यावरून खाली आलेली सुती पँट आणि चेहऱ्यापुढे ढाल हवीच.

पेयांच्या पातळ डब्यांची मळीच, म्हणजे रसावर साचणारा निरुपयोगी थरच, फार होते. त्यापेक्षा जुने पिस्टन घ्यावेत, त्यांतल्या सिलिकॉनमुळे रस साच्यात नीट धावतो.

साच्याची वाळू मुठीत दाबून पाहा : लाडू वळला पाहिजे, मधोमध स्वच्छ मोडला पाहिजे आणि तळहात ओला होता कामा नये.